माझ्या लॅपटॉपवर नीट दिसणारी फाईल छापखान्यात तुटायची: नारायण पेठेतल्या दुकानानं ती कशी सावरली

पाचपैकी साडेचार. अर्धा कशासाठी कापला तेही पुढे लिहिते, पण ज्यांचा मराठी मजकूर छापखान्यात गेल्यावर तुटतोय त्यांना आधीच सांगते: मजकूर परत टाइप करून घेऊ नका. आधी फाईल घेऊन इथे जा.

काम आईच्या ओव्यांचं होतं. आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि त्या दिवशी तिच्या तीन वह्यांमधल्या ओव्यांचं पुस्तक तिच्या हातात द्यायचं, असं आम्ही दोघी बहिणींनी ठरवलं होतं. या ओव्या तिनं आजीकडून आणि आत्याकडून ऐकलेल्या, जात्यावर म्हटलेल्या आणि नंतर शिसपेन्सिलीनं लिहून ठेवलेल्या. आई कोरेगावकडची. तिच्या वहीत 'ववी' आहे, 'ओवी' नाही. 'पानी' आहे, 'इठ्ठल' आहे, 'येशीत' आहे. आम्ही एक अक्षरही सुधारायचं नाही असं ठरवून टाइप केलं. साताऱ्याला माझ्याकडे मुलाचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर त्यानं विंडोजऐवजी उबुंटू टाकून दिलंय. मी त्यातल्या लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे वर्डसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये, टाइप केलं. बँकेत एकतीस वर्षं कॅशमध्ये काढल्यामुळे एकेक ओळ वहीशी ताडून बघायची सवय आहे, त्यामुळे माझ्या स्क्रीनवरचा मजकूर बिनचूक होता हे मी खात्रीनं सांगू शकते. ६४ पानं झाली. प्रती १५० हव्या होत्या.

गावातल्या एका छापखान्यात फाईल दिली. नाव लिहीत नाही, कारण त्यांची नियत वाईट नव्हती. पण पहिलं प्रूफ हातात आलं तेव्हा ६४ पानांची ७१ झाली होती. आईचा जात्यापाशी बसलेला फोटो एका पानावर आणि त्याची ओळ पुढच्या पानावर. अक्षर भलतंच. मी म्हटलं, पीडीएफ घ्या. ती त्यांनी घेतली आणि कोरलड्रॉ या चित्रं-जाहिराती करायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. त्या प्रूफमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे सुटी पडली होती आणि जोडाक्षरांचे पाय मोडले होते. तिसऱ्या वेळी त्यांनी मजकूर त्यांच्या नेहमीच्या फॉन्टात बदलून घेतला. हे प्रूफ लांबून छान दिसत होतं. वाचायला बसले आणि अंगावर काटा आला. 'दऱ्या' जिथे होतं तिथे 'दर्या' झालं होतं. ओवीत माहेरच्या वाटेवरच्या दऱ्या होत्या, तिथे समुद्र आला. आणि हेही सगळीकडे नाही. बाराव्या पानावर बरोबर, तेराव्यावर चूक, चौदाव्यावर दोन्ही.

मग ते म्हणाले, "मॅडम, तुमची फाईलच खराब आहे, आमच्याकडे परत टाइप करून घेऊ." नमुन्याला चार पानं करूनही दिली. टाइप करणाऱ्या मुलीनं 'पानी'चं 'पाणी' केलं, 'ववी'ची 'ओवी' केली. तिला वाटलं ती चुका दुरुस्त करतेय. ती चार पानं मी आईला दाखवली नाहीत.

छपाईचा अंदाजही मिळाला होता: ४८ हजार. पुस्तकात रंगीत फोटोंची पानं फक्त सहा. बाकी सगळी काळी अक्षरं. मी विचारलं तर उत्तर आलं, मशीन सगळी पानं रंगीत मोजतंय, आम्ही काय करणार.

पुण्याच्या नारायण पेठेतल्या या दुकानाचा पत्ता मला एका प्राध्यापिकेनं दिला. तिच्या विभागाची स्मरणिका अशीच अडकली होती. साताऱ्याहून एसटीनं स्वारगेट, तिथून मेट्रोनं मंडई, पुढे अप्पा बळवंत चौकाकडे चालत. वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. हे लोक छापत नाहीत. दुसरीकडे केलेली फाईल छापण्याजोगी करून देणं एवढंच त्यांचं काम. एक काका आहेत, सत्तरीच्या पुढचे, ज्यांनी तरुणपणी छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवले आहेत. संगणकावरचं बरंचसं काम त्यांची सून करते. येणारे सगळे तिला वहिनी म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. तीन संगणक आहेत: एक विंडोज, एक मॅक, एक उबुंटू. उबुंटू बघून मला किती हायसं वाटलं सांगू. छापखान्यात मी तो शब्द उच्चारला की समोरचा माणूस मान हलवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा.

वहिनींनी पहिल्यांदा माझी फाईल त्यांच्या संगणकावर, मी वापरते त्याच लिब्रेऑफिसमध्ये उघडली आणि विचारलं, "ताई, तुमच्याकडे जशी दिसते तशीच दिसतेय का?" नव्हती. अक्षर वेगळं होतं. त्यांनी फॉन्टची यादी उघडली. मी यशोमुद्रा वापरला होता, राज्य मराठी विकास संस्थेनं मोफत दिलेला. तो त्या मशीनवर टाकलेला नव्हता. त्यांनी तो टाकला, फाईल बंद करून परत उघडली, आणि माझी ६४ पानं जशीच्या तशी समोर आली.

७१ पानांचा उलगडा तिथेच झाला. मजकुराच्या फाईलमध्ये सहसा फॉन्टचं फक्त नाव लिहिलेलं असतं, फॉन्ट नसतो. छापखान्याच्या संगणकाला ते नाव माहीत नव्हतं, म्हणून त्यानं विंडोजबरोबर येणारा मंगल घातला. मंगलच्या ओळी एकमेकींपासून जास्त लांब असतात. दर पानावर दोन-तीन ओळी खाली ढकलल्या गेल्या की ६४ पानांत सात पानं सहज वाढतात. पीडीएफमध्ये मात्र अक्षरं सहसा फाईलच्या आतच बांधून दिलेली असतात. वहिनींनी ॲक्रोबॅट या पीडीएफच्या प्रोग्रॅममध्ये फाईलचे गुणधर्म उघडून फॉन्टचा रकाना दाखवला. माझ्या पीडीएफमध्ये यशोमुद्राच्या नावापुढे 'एम्बेडेड सबसेट' असं लिहिलेलं होतं, म्हणजे लागणारी अक्षरं आत होती. हे आता मी घरीही तपासते, साध्या मोफत रीडरमध्येही दिसतं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

"मग पीडीएफ का तुटली?" मी विचारलं.

"कारण त्यांनी ती छापली नाही, उघडली," वहिनी म्हणाल्या.

ते असं. पीडीएफ थेट प्रिंटला दिली तर आतली अक्षरं वापरली जातात. ती कोरलड्रॉमध्ये मजकूर म्हणून आत घेतली की तो प्रोग्रॅम अक्षरं परत नव्यानं मांडायला जातो. देवनागरीत पहिली वेलांटी आधी लिहिली जाते पण साठवली जाते व्यंजनानंतर, जोडाक्षर तर दोन-तीन तुकड्यांचं असतं. त्या मांडणीचे नियम समजले नाहीत की सगळे तुकडे सुटे पडतात. म्हणूनच फ्लेक्सवाले 'कर्व्ह करून आणा' म्हणतात. कर्व्ह केलं की अक्षर अक्षर राहत नाही, त्याची नुसती आकृती होते, आणि आकृती कोणी मोडू शकत नाही. मुखपृष्ठासाठी वहिनींनी तेच केलं. आतल्या ६४ पानांना केलं नाही, कारण तसं केलं की पुढे एखादा शब्दही बदलता येत नाही आणि बारीक अक्षर थोडं जाडही दिसू शकतं.

काकांनी मध्येच एक गोष्ट सांगितली, जी मला छापखान्याबद्दलचा राग कमी करायला उपयोगी पडली. आपल्याकडच्या कितीतरी छापखान्यांची घडी पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅमवर बसलेली आहे. त्याची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ची. तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत, कळतच नाही. म्हणून त्या काळात मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवले गेले आणि ऑपरेटर त्यावरच शिकले, त्यावरच पोरांची शिक्षणं केली. त्यांच्या दृष्टीनं युनिकोडमधली फाईल म्हणजे परक्या गावचा पाहुणा. काका म्हणाले, "त्यांना येत नाही असं नाही. त्यांच्याकडे वेळ नाही थांबून बघायला." मला हे पटलं. पण आईची 'पानी' त्यासाठी 'पाणी' होऊ द्यायची नाही, हेही तितकंच खरं.

याच जुन्या फॉन्टांचं एक प्रकरण माझ्याच पुस्तकात निघालं. मामा कोर्टात होते, त्यांनी प्रस्तावना त्यांच्या जुन्या संगणकावर कृतिदेवमध्ये टाइप करून पाठवली होती. माझ्याकडे ती उघडली की निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा. मी ती छापील कागदावरून परत टाइप करायला घेतली होती. वहिनींनी एक शब्द निवडून दाखवला. स्क्रीनवर जे, के, ई अशी तीन इंग्रजी अक्षरं होती. त्यांनी त्याला कृतिदेव लावला आणि 'राम' झाला. जेच्या जागी र बसवलेला, केच्या जागी काना, ईच्या जागी म. फॉन्ट गेला की मागे राहते ती नुसती इंग्रजी. त्यांनी तो सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दिला आणि आधीच सांगितलं, "ताई, हे शंभर टक्के येत नाही, तुम्ही वाचा." मी वाचलं. नऊ चुका निघाल्या, बहुतेक जोडाक्षरांच्या. त्या लगेच, वेगळे पैसे न घेता दुरुस्त केल्या.

आता दऱ्यांची गोष्ट. यासाठी मी हा सगळा मजकूर लिहायला घेतला.

मी विचारलं, बाराव्या पानावर बरोबर आणि तेराव्यावर चूक, असं एकाच फाईलमध्ये कसं? वहिनींनी दोन्ही पानांवरचे दोन 'दऱ्या' शेजारी शेजारी घेतले. स्क्रीनवर डोळ्यांना दोन्ही सारखे. मग त्यांनी कर्सर शब्दाच्या शेवटी ठेवला आणि मागे खोडायची कळ एकेकदा दाबत गेल्या. काना गेला. य गेला. पाय मोडल्याची खूण गेली. पहिल्या शब्दात त्यानंतर जो र उरला त्याच्याखाली एक टिंब होतं. दुसऱ्या शब्दात मात्र य गेल्यावर एकदा कळ दाबली आणि स्क्रीनवर काहीच दिसेनासं झालं नाही. कळ दाबली गेली होती, काहीतरी खोडलंही गेलं होतं, पण जे खोडलं ते दिसणारं नव्हतं. पुढच्या वेळी पाय मोडल्याची खूण गेली आणि मागे साधा र राहिला, टिंबाशिवाय.

"हा शब्द कोणी टाइप केला?" त्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोन वह्या मी टाइप केल्या, लॅपटॉपवर, इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत. तिथे शिफ्ट धरून र दाबला की टिंबाचा र येतो, आणि त्याच्यापुढे य जोडला की पापणीसारखा अर्धा र मिळतो. तिसरी वही बहिणीनं तिच्या फोनवर टाइप करून पाठवली होती. तिच्या फोनवर तोच अर्धा र साधा र, पाय मोडणं आणि त्यांच्यापुढे एक न दिसणारं चिन्ह, 'जोडणारा', अशा पद्धतीनं होतो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. स्क्रीनवर फरक कळत नाही. पण छापखान्यानं मजकूर जुन्या फॉन्टात बदलला तेव्हा बदलणाऱ्या प्रोग्रॅमनं तो न दिसणारा जोडणारा फालतू समजून टाकून दिला. तो गेला की र आणि य नेहमीसारखे जुळतात आणि वर रफार चढतो. दऱ्यांचा दर्या होतो. त्याच न्यायानं 'आचाऱ्यांना' लिहिलेलं 'आचार्यांना' होईल, आणि स्वयंपाक्याचं मानधन गुरुजींच्या नावावर पडेल. तेराव्या पानापासून माझ्या आणि बहिणीच्या वह्या एकत्र झाल्या होत्या. म्हणून तो लपंडाव.

काका खुर्ची ओढून जवळ आले. म्हणाले, खिळ्यांच्या केसमध्ये हा अर्धा र वेगळ्या खणात असायचा, हात आपोआप तिकडे जायचा, तिथे चूक व्हायची ती डोळ्यांना दिसायची तरी. मग त्यांनी वहिनींना सांगितलं, सगळा मजकूर एका पद्धतीत आणा. वहिनींनी शोधून बदलायच्या सोयीनं न दिसणाऱ्या जोडणाऱ्यासकटचा र शोधला आणि त्याजागी टिंबाचा र टाकला. ११८ जागा निघाल्या. त्यांनी सरसकट बदल केला नाही. एकेक जागा दाखवून, 'हो' म्हटल्यावर पुढे गेल्या. 'वाऱ्यावर', 'साऱ्या', 'पायऱ्या', 'दुसऱ्या', 'कोपऱ्यात'. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात आईची निम्मी वही मी परत वाचली. याचे वेगळे पैसे लावले असते तरी मी दिले असते.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली जी मला सुचली नसती. फाईलमधल्या मजकुराची भाषा हिंदी लावलेली होती, कारण लॅपटॉपवर सुरुवातीला तेच निवडलेलं होतं. त्यांनी ती मराठी केली. काही फॉन्टांत त्यानुसार ल आणि श यांची मराठी वळणं येतात. आपल्याला वाचताना कळतं काहीतरी परकं आहे, पण बोट ठेवता येत नाही. बोट ठेवायचं ते तिथे.

पानाच्या आकाराची चूक माझी होती. यादीत ए-फाईव्ह दिसला म्हणून तो घेतला, १४८ बाय २१०. छापखाना डेमी एक अष्टमांश धरून बसला होता, साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे साधारण १४० बाय २१६. माझं पान आठ मिलिमीटर रुंद आणि सहा मिलिमीटर बुटकं. तसंच छापलं असतं तर कडेच्या ओळी कापायला आल्या असत्या. वहिनींनी मूळ फाईलमध्येच पान बदललं, समास थोडे हलवले आणि ६४ पानं ६४च ठेवली. सोळा पानांचा फर्मा असतो, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला गठ्ठा, चार फर्मे बरोबर बसले. कोणी पुस्तक करणार असेल तर आकार छापखान्याला विचारून मगच टाइप करायला बसा. भाच्यानं आयफोनवरून पाठवलेले फोटो छापखान्याच्या संगणकावर उघडत नव्हते, तेही इथे दोन मिनिटांत जेपेग करून मिळाले.

आणि ४८ हजारांचं कोडं. वहिनींनी ॲक्रोबॅटमध्ये छपाईचे चार रंग वेगवेगळे करून दाखवणारी खिडकी उघडली. म्हणाल्या, "आता मी काळी शाई बंद करते. तुमची अक्षरं नाहीशी व्हायला हवीत." बंद केली. अक्षरं गेली नाहीत. पानभर तपकिरी ओव्या तशाच उभ्या होत्या. म्हणजे माझं काळं काळ्या शाईचं नव्हतं. संगणकाचं काळं लाल, हिरवा, निळा हे तिन्ही शून्य केल्यावर होतं, आणि मशीन ते चारही शाया मिसळून तयार करत होतं. मशीनच्या मोजणीत असं प्रत्येक पान रंगीत. मजकूर असलेली ५८ पानं त्यांनी नुसत्या काळ्यात आणली. त्यासाठी घोस्टस्क्रिप्ट वापरतात म्हणाल्या, १९८८ पासूनचा मोफत प्रोग्रॅम आहे. परत काळी शाई बंद केली. पान पांढरं झालं.

हिशेब मी तिथेच कागदावर मांडला. रंगीत पान पाच रुपये, काळं एक रुपया. सहा पानं गुणिले १५० प्रती गुणिले पाच, ४,५००. अठ्ठावन्न पानं गुणिले १५०, ८,७००. एकूण १३,२००. पूर्वीच्या अंदाजात आणि यात ३४,८०० रुपयांचा फरक. दुकानाचं माझं बिल झालं १,६०० रुपये, त्यात सुरुवातीच्या तपासणीचे २०० वळते केलेले.

जाताना त्यांनी पेनड्राइव्हमध्ये तीन गोष्टी दिल्या. आतल्या पानांची पीडीएफ, पीडीएफ एक्स-वन-ए या छपाईच्या प्रकारात, ज्यात फॉन्ट आत असणं सक्तीचं असतं. मुखपृष्ठ, कर्व्ह केलेलं. आणि एक चाचणीचं ए-फोर पान, त्यावर फक्त १० सेंटिमीटरची एक रेघ आणि आईच्या ओव्यांतले आठ अवघड शब्द. सोबत छापखान्यासाठी मराठीत चार ओळींची चिठ्ठी: फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडू नये, थेट प्रिंटला द्यावी, आकार 'फिट' न ठेवता 'ॲक्चुअल साइज' ठेवावा, आधी चाचणीचं पान काढून रेघ मोजावी.

मी त्याच गावातल्या छापखान्यात गेले. ऑपरेटर मुलानं चिठ्ठी वाचली आणि खरंच चाचणीचं पान काढलं. पट्टी लावली तर ९.७ भरली. 'फिट' लागलेलं होतं. बदलून परत काढलं, बरोबर १०. आठही शब्द जसेच्या तसे. तो मुलगा चिठ्ठीचा फोटो काढून ठेवत होता, ते बघून मला फार बरं वाटलं. पुढच्या कोणाची तरी फाईल वाचेल.

आता अर्धा गुण कशासाठी. जिना अरुंद आहे आणि उभा आहे, कठडा एकाच बाजूला. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी कोणालातरी सोबत न्यावं. फोन लागतो पण उचलला जाईलच असं नाही. मी चार वेळा केला तेव्हा एकदा उचलला. काम तीन दिवसांत देतो म्हणाले, मला पाचव्या दिवशी मिळालं, त्यामुळे साताऱ्याहून दोन खेपा झाल्या. दिवाळी अंकांच्या आधीचे दोन महिने जाऊच नये, टेबलावर गठ्ठे होते. आणि बिल मागितल्यावरच दिलं. बाहेरगावच्या माणसाला आदल्या दिवशी एक फोन करून 'तयार आहे' किंवा 'नाही' एवढं कळवलं तर मी पाचही देईन. हे मी वहिनींना तोंडावर सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

जाणाऱ्यांनी सोबत काय न्यावं: मूळ फाईल, नुसती पीडीएफ नव्हे. वापरलेल्या फॉन्टची फाईल. छापखान्यानं दिलेलं बिघडलेलं प्रूफ, कारण काकांना बिघाड कागदावर बघितला की अर्धी गोष्ट कळते. आणि मूळ हस्तलिखित असेल तर तेही, निदान त्याचे फोटो. मी आईची वही नेली होती. शंका आली की वहिनी तिच्यात बघत होत्या, आणि एकदाही म्हणाल्या नाहीत की हा शब्द चूक आहे.

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी आईनं चष्मा लावून पुस्तक मधूनच उघडलं. ती बोट फिरवत वाचते. दऱ्यांच्या ओवीवर बोट आलं, तिनं ती म्हणायला सुरुवात केली आणि शेजारी बसलेल्या तिच्या मावसबहिणीनं पुढची ओळ उचलली. दोघी पानाकडे न बघता म्हणत राहिल्या.

संध्याकाळपर्यंत प्रती संपल्या. आईला अजून चाळीस हव्या होत्या, तिच्या माहेरच्या गावात वाटायला. फाईल सहा महिने ठेवतात असं वहिनींनी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी फोन केला, या वेळी पहिल्याच घंटेला उचलला, आणि मामांनी प्रस्तावनेत सुचवलेला एक शब्द बदलून नवी पीडीएफ दुपारपर्यंत मेलवर आली. पैसे विचारले तर म्हणाल्या, एका शब्दाचे काय घ्यायचे, आईंना नमस्कार सांगा.